रणवरे सर आणि काळजातले जंत

रणवरे सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं बारामतीत ढिगानं सापडतील. त्यांतल्या बहुतेकांनी त्यांच्या हाताखाली काम केलेलं नाही, एवढंच. मी सहा वर्षं केलं. मागच्या महिन्यात कॉलेजातून फोन आला. सरांना सत्तर पूर्ण होताहेत, गौरव अंक काढतोय, तुम्ही त्यांच्या पहिल्या पीएच.डी. विद्यार्थिनी, तर 'ऋषितुल्य गुरू' या विषयावर दोन पानं पाठवा. मी हो म्हणाले आणि लिहायला बसले. ऋषितुल्य काही सुचेना. जे सुचलं ते हे आहे, आणि दोन पानांत मावत नाही. अंकाला ते चालणार नाही हे मला कळतं.

सर प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. विषय परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात शिरून त्याच्यावर पोसणारे जीव. सरांनी हा विषय निवडला की विषयानं सरांना, यावर आम्ही मुली डबा खाताना पोट धरून हसायचो. अंगात राखाडी सफारी, मेंदीनं लालसर केलेले केस, खिशाला तीन पेनं. तिन्हींपैकी एकही उमटत नसे. सही करायची वेळ आली की समोरच्याचं पेन मागायचे आणि ते परत द्यायचं विसरायचे. चालण्याबोलण्यात, अगदी पाणी पिण्यातसुद्धा, आपण कशाचं तरी उद्घाटन करतोय असा आव. कुणी प्रश्न विचारला की आधी डोळे मिटायचे. आम्हाला पहिल्या वर्षी वाटायचं की सर विचार करताहेत. पुढं कळलं, प्रश्न विचारणारा कंटाळून निघून जाईल याची ते वाट बघत.

एक काम मात्र ते मनापासून करत. गावात कुणाचं हाड मोडलं की संध्याकाळी बिस्किटांचा पुडा घेऊन सर हजर. पाच मिनिटं विचारपूस, मग हळूच, "एक्स-रे काढला असेल ना? जुना झाला की मला द्या. टाकू नका." अशी शेकडो माणसांची हाडं प्रयोगशाळेतल्या कपाटात रचून ठेवलेली होती. मनगटं, मांड्या, बरगड्या, एका उपसरपंचाचा खुबा. पुढं दवाखाने सुधारले, फोटो मोबाइलवर यायला लागले, तेव्हा सरांना जो शोक झाला तो त्यांचा सख्खा मेव्हणा गेला तेव्हाही झाला नव्हता.

त्या फिल्मांवर सरांची सगळी कीर्ती उभी होती. आमच्याकडं गाईम्हशींना, शेळ्यामेंढ्यांना एक जंत होतो, पानासारखा चपटा. तो यकृतात, म्हणजे गावाकडच्या भाषेत काळजात, राहतो. जनावराचं मांस आणि रक्त पचवायला तो एक प्रकारचं विकर सोडतो. विकर म्हणजे एन्झाइम, म्हणजे सरांच्या भाषेत कात्री. जुन्या एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. शेण किंवा लेंड्या पाण्यात कालवून, गाळून, त्यात सरांचं एक आंबट पाणी घालून थेंब फिल्मवर ठेवायचा. जंताची कात्री त्यात असेल तर ती तेवढा थर कुरतडते. फिल्म धुतली की मांडीच्या हाडाशेजारच्या काळ्या भागात काचेसारखा गोल दिसतो. गोल पडला तर जंत आहे, नाही पडला तर नाही. युक्ती साधी होती आणि थोरल्या जंतांपुरती बरी चालायची, हे मी कबूल करते. सरांबद्दल कबूल करण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, म्हणून लिहून टाकते.

घोटाळा पुढं होता. सरांचं म्हणणं असं की जंत पिल्लू असो, थोरला असो, मेंढरात असो की म्हशीत, त्याची कात्री एकच. "शेवटी कात्री ती कात्रीच," हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. वर्गात, गॅदरिंगमध्ये, एकदा तर एका लग्नात आहेर देतानासुद्धा. विकराची रचना त्यांनी तरुणपणी एका पुस्तकात बघितली होती, आणि ती बघून झाल्यावर या विषयात बघण्यासारखं काही उरलेलं नाही अशी त्यांची खात्री पटली होती.

त्या रचनेचं त्यांनी मॉडेल करवून घेतलं होतं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसून, कारागिराला समोर पुस्तक धरून, तांब्याच्या तारेचं. सागवानी पाट, वर काचेची पेटी, आत ती वेटोळ्यावेटोळ्यांची तार. दोन वेटोळ्यांमध्ये एक खाच. विकराचं सगळं काम त्या खाचेत चालतं. काय कापायचं, काय सोडायचं हे खाचेचा आकार ठरवतो. खंडेनवमीला सगळे आपापली अवजारं पुजतात, तसं आमच्या विभागात सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू लागायचं आणि झेंडूची माळ मात्र त्या तारेला. एका खंडेनवमीला विभागाचे शिपाई बबनमामा पेटी उघडून तार पुसत होते. फडकं अडकलं, एक वेटोळं वाकून थेट खाचेत गेलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं. त्यांनी पेटी लावली आणि वर झेंडू जरा दाट घातला.

पुढची दोन वर्षं सरांनी त्या वाकलेल्या तारेवरून शिकवलं. छडीनं दाखवत, "ही बघा खाच." खाच नव्हतीच. ते विकर खरोखर असतं तर त्यानं जगातलं काहीही पचवलं नसतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, पुस्तकात वेगळं दिसतंय. सरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पुस्तकातलं चित्र सपाट असतं, बाळ." मुलीनं वहीत लिहून घेतलं. मी मागच्या बाकावर बसून ओठ चावत होते. मला हसू येत होतं हे खरं, पण असल्या माणसाच्या सहीवर आपलं आयुष्य अडलंय हेही त्याच वेळी डोक्यात होतं.

माझं काम नेमकं त्या खाचेवर होतं. खाटिकाकडून काळजं आणून त्यातले थोरले जंत वेगळे करायचे, जंताची पिल्लं वेगळी मिळवायची, दोघांच्या विकरांची घडण कॉम्प्युटरवर काढून एकीवर एक ठेवायची. ठेवल्यावर दिसायचं ते असं. वरून सगळ्या सारख्या, एका आईच्या लेकी म्हणाव्यात इतक्या. पण खाचेत एखाददुसरा कण बदललेला. थोरल्याची खाच रक्त पचवायला बरी. पिल्लाच्या खाचेत एक जाडजूड कण बसलेला, त्यामुळे तिला आतड्याच्या आणि काळजाच्या चिवट तंतूंतून वाट काढता येते. पिल्लू आतड्यातून निघून काळीज पोखरत जातं तेव्हा ते ही दुसरी कात्री वापरतं. आणि तेव्हा ते काळजाच्या मांसात असतं, थोरल्यासारखं पित्ताच्या नळीत नव्हे, म्हणून लेंडीत त्यातलं काहीही उतरत नाही. म्हणजे जनावराला सगळ्यात जास्त धोका असतो त्याच दिवसांत सरांची फिल्म कोरी राहणार. मी हे एक प्रकरण करून सरांच्या टेबलावर ठेवलं. ते तिथंच राहिलं, वर्तमानपत्राच्या रद्दीखाली, चार महिने.

याच सुमारास सरांच्या टेस्टचं उद्घाटन झालं. कळंबला, म्हणजे सरांच्या गावात. कमानीवर सरांचा फोटो, फेटे, हलगी, आणि 'गावचा सुपुत्र' असं तीन वेळा लिहिलेला फलक. पुढाऱ्यानं नारळ फोडून फिल्मवर थेंब टाकला. गोल पडला, टाळ्या झाल्या. सर भाषणात म्हणाले की यापुढे या पंचक्रोशीतलं एकही जनावर या जंतानं मरणार नाही, हा माझा शब्द आहे. सभेत मेंढपाळ बसले होते. त्यांनी तो शब्द धरून ठेवला, कारण त्यांना दुसरं काय सुचवलं होतं कुणी?

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाला बिरूआबा आले. सुप्याकडचे मेंढपाळ, साठीला टेकलेले, दीडशे मेंढरं. सुप्याच्या माळावर चारा संपला की ते कळप घेऊन इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या खाली नदीकाठाला उतरायचे. पाणी मागं सरलं की ओल्या गाळावर हिरवंगार गवत येतं. त्या गवतात गोगलगाई असतात, आणि त्यांच्यातून बाहेर पडलेली जंताची पिल्लं पात्यांना चिकटून बसतात. बिरूआबांचा कळप त्याच गवतात महिनाभर चरला होता.

"सर, रोज चार-चार पडत्यात," आबा दारातूनच म्हणाले. "सकाळच्याला चरतंय, दुपारच्याला आडवं. दीडशावर पोट हाय आमचं. काय हाय त्ये सांगा."

सरांनी लेंड्या घेतल्या, थेंब टाकला, वेळ झाल्यावर फिल्म धुतली. कुणाच्या तरी कोपराच्या त्या फिल्मवर थेंबाचा साधा डागही नव्हता. सरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"निगेटिव्ह."

"म्हंजी?"

"म्हणजे जंत नाहीत. विषारी पाला खाल्ला असेल. पाला बघा."

"पाला न्हाय तितं. निस्तं गवात हाय."

"मग गवत बघा," सर म्हणाले, आणि माझं पेन घेऊन कागदावर सही केली. आबांनी कागद घडी करून मुंडाशात खोचला. मी तिथंच उभी होते. पिल्लांचं प्रकरण रद्दीखाली होतं, माझ्या हातापासून दोन वितींवर.

पाच दिवसांनी आबा परत आले, हातात ॲल्युमिनियमचा डबा. पडलेलं मेंढरू त्यांनी स्वतः फाडलं होतं आणि काळीज मीठ न लावता, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. डबा उघडला. काळजावर वेड्यावाकड्या काळसर रेघा होत्या, आतून कुणीतरी दाभण फिरवावा तशा. मी एक तुकडा पाण्यात कुस्करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पिल्लंच पिल्लं. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, वळवळणारी.

"सर, बघा ना."

सर आले, डोळा लावला न लावला. "काळजाचे तंतू आहेत हे."

"सर, ते हलताहेत."

सरांनी डोळे मिटले. मग फिल्म उचलून माझ्यासमोर धरली. "ही निगेटिव्ह आहे की नाही? मग." आणि आबांकडं वळून, "काळीज नीट ठेवलेलं नाही तुम्ही. खराब झालंय."

आबांनी काळीज परत फडक्यात गुंडाळलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आयुष्यभर मेंढरं फाडून बघणाऱ्या माणसाला हा सफारीवाला काळीज म्हणजे काय ते सांगत होता. त्या क्षणी मला सरांची इतकी किळस आली की मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले.

हात धुऊन आले तोवर आबा व्हरांड्यात येऊन बसले होते. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. जंत तोच आहे, पण लहानपणी त्याच्याकडं वेगळी कात्री असते आणि तो काळजात लपलेला असतो, सरांच्या फिल्मला तो दिसत नाही. आबांना समजायला पाव मिनिटही लागलं नाही.

"व्हय की. लोकर कातरायची कात्री घिऊन न्हाव्यानं दाडी केली तर गिऱ्हाईक वाचंल का? कामापरमानं कात्री असती." मग आत बोट करून, "आन् ह्ये तुमच्या सरास्नी ठावं न्हाय?"

मी आत गेले आणि रद्दी बाजूला करून माझं प्रकरण वर काढलं. सरांच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, सर, यात आहे सगळं. पिल्लांना मारणारं औषध वेगळं असतं, नेहमीचं चालत नाही. तेवढं तरी आबांना लिहून देऊ या.

सरांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना काही वाचताना बघत होते. मग कागद सरळ करून म्हणाले, "ठेवा. बघतो. तुमच्या प्रबंधावर माझी सही कधी हवी आहे?"

"पुढच्या महिन्यात, सर."

"हं. मग आत्ता नको तिथं डोकं घालू नका."

आणि मी घातलं नाही. आठ दिवस मूग गिळून बसले. मेंढरं मरताहेत हे माहीत होतं, कशानं ते माहीत होतं, औषध कुठं मिळतं तेही माहीत होतं. मला सही हवी होती. सरांना नावं ठेवताना हे आठ दिवस मी सहसा सांगत नाही. आज सांगते आहे, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

नवव्या दिवशी मला ते सहन होईना. इंदापूरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना विचारून पिल्लांवर चालणारं औषध घेतलं, मोठी बाटली, आणि एसटीनं बावड्याला उतरून नदीकाठ गाठला. मेंढरं कोंडायच्या जाळीत नव्वदेकच उरली होती. आबांची बायको तानूबाई हिनं शेळीच्या दुधाचा चहा केला. मी धापा टाकत सांगितलं, आबा, हे आत्ताच्या आत्ता पाजा.

आबांनी बाटली हातात घेतली, फिरवून बघितली. "ठेवा मॅडम. सांजच्याला पाजतो, ऊन खाली झाल्याव."

"परवापास्नं एक बी न्हाय पडलं," तानूबाई चुलीपाशी म्हणाली. मला वाटलं, ती मला धीर देतेय. आबांनी तिच्याकडं बघितलं आणि ती गप्प झाली.

आठवड्यानं आबांचा निरोप आला, थांबलं मॅडम, समदी बरी हायती. मी प्रयोगशाळेत एकटीच रडले. नव्वद मेंढरं मी वाचवली होती. सरांच्या नाकावर टिच्चून. पुढं ही गोष्ट मी नोकरीच्या मुलाखतीत सांगितली, वर्गात सांगितली, नवऱ्याला तर लग्नाआधीच सांगितली. रणवरे सरांची आठवण निघाली की मी ती मानानं काढून दाखवायचे.

कळंबच्या दोन मेंढपाळांनीही त्याच दिवसांत आमच्याकडून निगेटिव्हचे कागद नेले होते. त्यांचे कळप जवळजवळ सगळे गेले, हे मला पुढं कधीतरी कानावर आलं. ते कुणी आमच्याकडं सांगायला आले नाहीत, कारण कागदावर जंत नव्हताच. त्यांच्याकडं जायला मलाही सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं फक्त बिरूआबा होते.

सरांनी माझ्या प्रबंधावर सही केली, शेवटच्या दिवशी, माझ्याच पेनानं. दोन वर्षांनी त्यातला निबंध एका नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव सरांचं. सुरुवातीलाच वाक्य होतं की या विकरांच्या रचनेत मोठी विविधता असते ही भूमिका प्रस्तुत लेखक पहिल्यापासून मांडत आले आहेत. मी ते तीन वेळा वाचलं आणि कपाळावर हात मारला. त्यानंतर पुण्याच्या एका परिसंवादात सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, विविधता! लोकर कातरायची कात्री घेऊन न्हाव्यानं दाढी केली तर काय होईल?" सभागृह खळखळून हसलं. सर पाणी प्यायले, उद्घाटन केल्यासारखं. आबांचं नावही नाही. निवृत्त होताना त्यांनी ती तारेची पेटी घरी नेली, आणि वाकलेलं वेटोळं कुणीतरी सरळ करून दिलं असेल तर ते मला माहीत नाही.

मी मग इंदापूरच्या कॉलेजात लागले. सरांची गाठ पडायचं कारण उरलं नाही आणि मी ते शोधलंही नाही. त्यांच्याविषयीचं माझं मत पक्कं झालं होतं. मूर्ख माणूस. पोकळ, चोरटा, पण मुळात मूर्ख. मूर्ख म्हटलं की पुढचा विचार करावा लागत नाही, यात मोठी सोय असते.

या वर्षी मार्चमध्ये मी माझ्या वर्गातल्या मुलींना घेऊन बावड्याला नदीकाठी गेले होते, गोगलगाई गोळा करायला. मुली गाळात उतरल्या. मी बांधावरून चालत थोडी पुढं आले तर झाडाखाली सरांची जुनी स्कूटर. खाली जाळीजवळ सर आणि बिरूआबा उकिडवे बसलेले. सरांची पाठ माझ्याकडं होती. सफारी नाही, साधा सदरा. केसांना मेंदी लावणं सोडलं होतं बहुतेक. ते बोलत होते आणि तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, कारण तो कळंबचा होता.

"ह्या बारीला दोन येळा पाजा आबा. पयलं पिल्लास्नी, मग दीड-दोन महिन्यानं थोरल्यास्नी. येकाच औषदानं दोनी मरत न्हाईत. त्येंचं हत्यार येगळं, जागा येगळी. लेंडी बगत बसू नगा. लेंडीत काय बी दिसत न्हाय त्या टायमाला."

मी सहा वर्षं खपून जे लिहिलं होतं ते सगळं यात होतं, आणि माझ्यापेक्षा सोपं होतं.

माझी चाहूल लागली तसे सर उठले. सदरा झटकला. "अरे, मॅडम! फील्ड व्हिजिट का? छान, छान." आवाज परत बारामतीचा झाला होता. "जरा घाईत आहे," म्हणत ते बांधाकडं निघाले.

मी आबांना विचारलं, सर इथं कशाला येतात?

"येत्यात की दर सालाला. त्या सालापास्नं." आबांनी बांधाकडं जाणाऱ्या सरांकडं बघितलं. आता त्यांना बोलायला काही हरकत वाटत नसावी. "तुमच्या अदुगर तीन दिस आलतं सर, बाटल्या घिऊन. ह्याच स्कूटरीव. सोताच्या हातानं पाजलं समद्यास्नी, आमी धरायचं आन् त्यांनी वतायचं. म्हनलं, कुनाला बोलू नगा आबा, त्या मॅडमला तर न्हाईच. आमी कशाला बोलतोय?"

"आणि माझी बाटली?"

आबा संकोचले. "ती दुसऱ्या सालाला वापारली, मॅडम. वाया न्हाय गेली."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी लाज वाटली, कारण बारा वर्षं मी ज्या गोष्टीवर स्वतःला मोठं मानत आले ती माझी नव्हतीच. मग क्षणभर सरांबद्दल काहीतरी मऊ वाटलं. एवढा अहंकारी माणूस, गुडघ्याएवढ्या चिखलात बसून नव्वद मेंढरांची तोंडं उघडतोय. आणि मग, आबांच्या शेजारी उभी असतानाच, कळंबचे ते दोन कळप आठवले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझं प्रकरण त्यांनी वाचलं होतं, समजलं होतं, खरं मानलं होतं, औषधही बरोबर आणलं होतं. मूर्खपणा नव्हताच कुठं. निगेटिव्हचे ते दोन कागद चुकीचे आहेत हे बारामती-इंदापूरमध्ये फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. त्यांतलं एक मी.

मी बांधावर धावले. सर स्कूटर स्टँडवरून उतरवत होते.

"सर, कळंबच्या लोकांना का नाही सांगितलं?"

त्यांनी डोळे मिटले नाहीत. किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "बिरूआबा सुप्याचे," ते म्हणाले. "उन्हाळा संपला की निघून जातात. कळंबला मला सगळे ओळखतात, मॅडम."

एवढंच. आवाजात ना पश्चात्ताप होता ना माज. रस्ता विचारल्यावर सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मग किक मारली. पहिल्या दोन वेळा स्कूटर सुरू झाली नाही. तिसऱ्यांदा झाली, आणि ते बांधावरून खड्डे चुकवत, मान सरळ ठेवून, सावकाश निघून गेले. खाली मुली मला हाका मारत होत्या. मी गाळात उतरले आणि त्यांच्याबरोबर गोगलगाई वेचायला लागले.